पाचशे एकोणऐंशी मुलं

मिथाइलफेनिडेटची साधी गोळी पोटात गेली की अर्ध्या-पाऊण तासात तिचा गुण दिसू लागतो आणि साधारण चार तासांत ओसरतो. वर्गात सतत उठबस करणारा, प्रश्न पुरता ऐकण्याआधीच उत्तर ठोकून देणारा, आठवड्याला दोन पट्ट्या हरवणारा मुलगा तेवढा वेळ बाकावर बसतो आणि फळ्यावरचं वहीत उतरवून घेतो. अवधान टिकत नाही, हातपाय स्वस्थ राहत नाहीत, मनात आलं की करून मोकळं व्हायचं, या त्रासाला एडीएचडी म्हणतात. त्यावर दिल्या जाणाऱ्या उत्तेजक औषधांचा हा तात्पुरता गुण इतक्या वेळा तपासून झाला आहे की त्याबद्दल आता फारसा वाद उरलेला नाही.

आईवडील विचारतात ते मात्र या चार तासांबद्दल नसतं. "ही गोळी रोज, पाच-दहा वर्षं घेतली तर पुढे काय?" उंची खुंटेल का, हृदयाला काही होईल का, सवय लागेल का, आणि ज्यासाठी हा सगळा खटाटोप तो फायदा तरी टिकेल का?

औषध तपासण्याची रूढ रीत इथे अपुरी पडते. निम्म्या रुग्णांना खरी गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी पोकळ गोळी, कुणाला कोणती मिळाली हे ना रुग्णाला ठाऊक ना डॉक्टरला, हे सहा-आठ आठवडे जमतं. मुलाला दहा वर्षं पोकळ गोळीवर ठेवायला कोणती नीतिसमिती परवानगी देणार? आणि वर्गातून रोज चिठ्ठी येत असताना कोणते आईबाप गप्प बसणार? त्यामुळे दीर्घकाळाबद्दलचं आपलं ज्ञान दुसऱ्या वाटांनी आलं आहे. मुलांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा करून, किंवा सरकारी नोंदवह्या चाळून. या दोन्ही वाटांवर खड्डे आहेत, ते पुढे येतीलच.

औषधं तशी जुनीच. 1937 साली अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडमध्ये चार्ल्स ब्रॅडली नावाचे डॉक्टर मुलांच्या एका रुग्णालयात काम करत होते. मेंदूचा एक्स-रे नीट दिसावा म्हणून त्या काळी पाठीच्या कण्यातून द्रव काढत, आणि त्यानंतर मुलांचं डोकं भयंकर दुखे. त्यावर उतारा म्हणून ब्रॅडलींनी बेंझेड्रीन, म्हणजे ॲम्फेटॅमीन, देऊन पाहिलं. डोकेदुखी काही थांबली नाही, पण मुलं अभ्यासाला बसू लागली. त्यांनी 30 मुलांना औषध दिलं आणि सुमारे निम्म्यांत शाळेच्या कामात ठळक फरक नोंदवला. मुलांनी त्या गोळ्यांना गणिताच्या गोळ्या असं नाव ठेवलं. पुढे 1944 मध्ये बाझेलच्या सिबा कंपनीत लिआंद्रो पानित्सोन या रसायनतज्ज्ञाने मिथाइलफेनिडेट तयार केलं. त्याची पत्नी मार्गरीट, घरचं नाव रीटा, टेनिस खेळण्याआधी ते घेई, आणि तिच्या नावावरून औषधाला रिटॅलिन हे नाव पडलं. ॲम्फेटॅमीन आणि मिथाइलफेनिडेट ही दोन घराणी आजही वापरात आहेत. मेंदूतल्या पेशी डोपामीन आणि नॉरॲड्रेनॅलीन ही रसायनं बाहेर सोडतात आणि लगेच परत आत ओढून घेतात. मिथाइलफेनिडेट ही परतीची वाट अडवतं. ॲम्फेटॅमीन तेही करतं आणि आतला साठाही बाहेर ढकलतं.

आता त्या 579 मुलांकडे.

1990च्या दशकात अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने सात ते नऊ वयाची, एडीएचडीचं पक्कं निदान झालेली 579 मुलं निवडली आणि चिठ्ठ्या टाकल्यासारखी चार गटांत वाटली. या अभ्यासाला एमटीए म्हणतात. पहिल्या गटाला औषध, तेही निगुतीने. सुरुवातीचे 28 दिवस कमी-जास्त मात्रा आलटून पालटून देऊन त्या मुलाला नेमकी कोणती लागू पडते ते ठरवलं, मग दिवसातून तीनदा गोळी आणि महिन्याला अर्धा तास डॉक्टरांची भेट. दुसऱ्या गटाला औषध नाही, फक्त वर्तनोपचार. पालकांचे वर्ग, आठ आठवड्यांचं उन्हाळी शिबिर, शाळेत काही आठवडे मदतनीस. तिसऱ्याला दोन्ही. चौथ्या गटाला सांगितलं, तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जा. त्यातल्या सुमारे दोन तृतीयांश मुलांनाही औषध मिळालंच, पण कमी मात्रेचं आणि घाईतल्या भेटींमधलं.

चौदा महिन्यांनी, 1999 मध्ये, निकाल छापून आला. मूळ लक्षणांवर औषधाचे दोन्ही गट स्पष्ट पुढे होते. नुसता वर्तनोपचार मागे पडला. औषध कंपन्यांना याहून गोड बातमी मिळाली नसती, आणि पुढची काही वर्षं अमेरिकेत औषधाच्या बाजूने जो सूर लागला त्याला हा निकाल मोठा आधार ठरला.

चौदा महिन्यांनंतर संशोधकांनी हात काढून घेतला. कोणी औषध चालू ठेवायचं, कोणी सोडायचं, हे ज्याच्या त्याच्या घरी ठरू लागलं. पाठपुरावा मात्र थांबला नाही, आणि खरी गंमत इथून पुढे आहे. दोन वर्षांच्या टप्प्यावर औषध गटांची आघाडी निम्म्यावर आली. तीन वर्षांच्या टप्प्यावर ती उरलीच नाही. चारही गट सुरुवातीपेक्षा बरे होते, पण एकमेकांपेक्षा बरे नव्हते. आठ वर्षांनी पाहिलं तेव्हाही कोणत्या गटात सुरुवात झाली यावरून काही सांगता येईना. आपल्या वर्गमित्रांच्या तुलनेत मात्र ही मुलं अजून मागेच होती.

औषध तीन वर्षांत बोथट होतं असा याचा अर्थ काढणारे पुष्कळ भेटतात. तो उतावीळपणा आहे. काळजीपूर्वक मात्रा, दर महिन्याची भेट, तीन वेळांची गोळी हे सगळं चौदा महिन्यांवर संपलं होतं. अनेकांनी औषध सोडलं, दुसऱ्या गटांतल्या अनेकांनी सुरू केलं, गट एकमेकांत मिसळून गेले. उलट बाजूने, ज्यांचा त्रास जास्त तीच मुलं औषधावर टिकून राहिली असतील आणि म्हणून औषधाचा फायदा झाकला गेला असेल, असंही म्हणता येतं. संशोधकांनी ही शंका आकडेमोडीने तपासली आणि त्यांना तिला आधार मिळाला नाही. हिशेब करून इतकंच हाती लागतं की गोळी त्या दिवसापुरतं काम करते, आणि असे चांगले दिवस साठून पुढे आपोआप वेगळं आयुष्य घडतं असा पुरावा नाही. 2022 मध्ये याच मुलांच्या सोळा वर्षांच्या नोंदी पुन्हा पाहिल्या तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली. लक्षणं पूर्ण जाऊन कायमची गेलेलीच राहिली असे फक्त 9 टक्के निघाले. सुमारे 64 टक्के जणांचा त्रास काही वर्षं ओसरे आणि पुन्हा वर येई. त्रासच वरखाली होत असेल तर तिसरीत ठरवलेली मात्रा नववीत तशीच चालू ठेवण्यात काय हशील?

आता उंची. औषधाने भूक मरते, हे घरात सर्वांत आधी दिसतं. डबा शाळेतून जसाच्या तसा परत येतो, पोळीची गुंडाळीसुद्धा उलगडलेली नसते. संध्याकाळी औषध उतरलं की मूल स्वयंपाकघरात घिरट्या घालतं आणि रात्री साडेनऊला त्याला भात हवा असतो. म्हणून अनुभवी डॉक्टर सांगतात, सकाळी गोळीच्या आधी पोटभर खायला घाला, दुपारच्या डब्यावर भांडू नका, रात्रीच्या जेवणाची वेळ पुढे सरकली तर सरकू द्या. पण एवढ्याने पूर्ण भरपाई होते का? एमटीएमध्ये नव्याने औषध सुरू केलेली मुलं तीन वर्षांत, औषध न घेणाऱ्यांपेक्षा सरासरी 2 सेंटिमीटरने बुटकी आणि 2.7 किलोने हलकी भरली. पुढे वाढ झपाट्याने होऊन फरक भरून निघेल अशी आशा होती. 2017 मध्ये ही मुलं पंचविशीत असतानाची मापं प्रसिद्ध झाली. ज्यांनी लक्षणीय काळ औषध घेतलं होतं ती मंडळी, जवळजवळ न घेतलेल्यांपेक्षा सरासरी अडीच सेंटिमीटरने कमी होती. त्याच अभ्यासात, जास्त काळ औषध घेतल्याने मोठेपणीची लक्षणं कमी झाल्याचं दिसलं नाही.

अडीच सेंटिमीटर म्हणजे एक इंच. कुणाला तो नगण्य वाटेल, कुणाला नाही, आणि तो निर्णय डॉक्टरांनी आईवडिलांच्या वतीने घेऊ नये असं मला वाटतं. इथे दुसरी बाजूही सांगायला हवी. युरोपात औषध नियामकांच्या आग्रहाने ॲड्यूस नावाचा अभ्यास झाला, त्यात 1,410 मुलं-मुली होत्या. दोन वर्षांत मिथाइलफेनिडेट घेणाऱ्यांच्या उंचीच्या वेगात न घेणाऱ्यांपेक्षा ठळक फरक आढळला नाही. नाडी आणि रक्तदाब मात्र औषध घेणाऱ्यांत थोडे वर होते.

या रक्तदाबाकडे जरा थांबून बघायला हवं.

2005 मध्ये कॅनडाने ॲडरॉल एक्सआर या ॲम्फेटॅमीन घराण्यातल्या औषधाची विक्री अचानक मृत्यूंच्या भीतीने काही महिने थांबवली होती. नंतर ती पुन्हा सुरू झाली. 2011 मध्ये अमेरिकेत 2 ते 24 वयाच्या बारा लाख मुला-तरुणांच्या नोंदी तपासल्या, आणि हृदयविकाराचा झटका, पक्षाघात, अचानक मृत्यू यांचा वाढलेला धोका सापडला नाही. तेव्हा बऱ्याच जणांनी सुटकेचा निःश्वास टाकला. पण त्या पाहणीत प्रत्येकाच्या वाट्याला आलेला काळ थोडा होता, आणि विशीत झटका येतो तरी कितींना?

वर्षांचा हिशेब स्वीडनने दिला. तिथे प्रत्येक नागरिकाला जन्मापासून एक क्रमांक असतो आणि 2005 पासून औषधाच्या दुकानातून घेतलेल्या चिठ्ठीवरच्या प्रत्येक औषधाची नोंद त्या क्रमांकावर चढते. रुग्णालयातलं निदानही त्याच क्रमांकावर. या नोंदींतून एडीएचडी असलेल्या, 6 ते 64 वयाच्या 2,78,027 लोकांचा 14 वर्षांपर्यंतचा मागोवा घेतला गेला आणि तो 2023च्या अखेरीस प्रसिद्ध झाला. पाच वर्षांहून जास्त काळ औषध घेणाऱ्यांत हृदय-रक्तवाहिन्यांच्या विकारांची शक्यता, अजिबात न घेणाऱ्यांपेक्षा 23 टक्क्यांनी जास्त दिसली. ऐकायला हे भीतिदायक आहे, पण हे प्रमाण आहे, संख्या नव्हे. समजा दहा हजारांत शंभर जणांना विकार होणारच होता, तर तिथे साधारण एकशे तेवीस होतील. आणि ही वाढ मुख्यतः कशातून आली ते पाहिलं तर उच्च रक्तदाब (त्याची शक्यता सुमारे 80 टक्क्यांनी जास्त) आणि धमन्यांचे विकार. हृदयाची गती बिघडणं किंवा हृदय निकामी होणं यांत तशी स्पष्ट वाढ नव्हती. नोंदवहीच्या अभ्यासाचा खड्डा इथेही आहे. ज्यांची एडीएचडी तीव्र ते जास्त धूम्रपान करत असतील, कमी झोपत असतील, आणि म्हणूनच त्यांना औषधही जास्त लागलं असेल. तरीही नाडी आणि रक्तदाब वाढवणं हा या औषधाचा रोजचा, मोजता येणारा गुणधर्म आहे. तो वीस वर्षं चालला तर काहीच होणार नाही असं मानायला आधार नाही.

माझ्या मते या सगळ्या विषयात भीतीची वाटणी उलटी झाली आहे. पालकांच्या मनात पहिली भीती असते व्यसनाची. अमली पदार्थांच्या यादीतलं औषध, उद्या मूल भलत्या नादी लागलं तर? या भीतीवर भरपूर संशोधन झालं आहे. 2013 मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं, तर लहानपणी औषध घेतल्याने पुढे दारू, तंबाखू, गांजा यांचं व्यसन वाढलंही नाही आणि घटलंही नाही. 2023 मध्ये एमटीएच्या मुलांबद्दल तेच निघालं. हे लागू आहे डॉक्टरांच्या मात्रेत, तोंडाने घेतलेल्या गोळीला. वसतिगृहात मित्राकडून घेऊन कुटून हुंगली तर ती गोष्ट वेगळी, आणि तिथे व्यसनाचा धोका खराच आहे. पण बीपीचा पट्टा दर सहा महिन्यांनी दंडाला बांधा असा आग्रह धरणारे पालक किती? पुरावा तर त्या बाजूला जास्त आहे.

मनावरचे दुष्परिणाम झोप उडणं, चिडचिड, संध्याकाळी औषध उतरताना रडवेलं होणं इथवरच बहुधा थांबतात. भ्रम होणं, आवाज ऐकू येणं हे फार विरळा. 13 ते 25 वयाच्या दोन लाखांहून अधिक तरुणांच्या अमेरिकी अभ्यासात 2019 मध्ये साधारण 660 जणांमागे एकाला असा त्रास झालेला दिसला, आणि ॲम्फेटॅमीन घेणाऱ्यांत तो मिथाइलफेनिडेटच्या दुप्पट होता.

मग फायद्याच्या रकान्यात काय लिहायचं? स्वीडिश नोंदवहीच इथेही कामाला येते. तिथल्या संशोधकांनी एक युक्ती केली. एका माणसाची दुसऱ्याशी तुलना न करता त्याच माणसाच्या औषध चालू असतानाच्या आणि नसतानाच्या महिन्यांची तुलना केली. औषध चालू असलेल्या काळात पुरुषांच्या हातून गुन्हे 32 टक्क्यांनी आणि स्त्रियांच्या हातून 41 टक्क्यांनी कमी घडले. अमेरिकेतल्या अशाच अभ्यासात वाहन अपघातही औषधाच्या महिन्यांत स्पष्ट कमी दिसले. 2024 मध्ये स्वीडिश नोंदींतून आणखी पुढची गोष्ट निघाली. निदान झाल्यावर औषध सुरू करणाऱ्यांत दोन वर्षांत दहा हजारांमागे 39 मृत्यू, न करणाऱ्यांत 48. या फरकात अपघात, विषबाधा अशा कारणांचा वाटा मोठा होता. एखाद्या सतरा वर्षांच्या धांदरट मुलाच्या हातात दुचाकीची किल्ली देताना हा आकडा अडीच सेंटिमीटरपेक्षा जड वाटू शकतो.

अभ्यासाच्या फायद्याबद्दल मात्र पालकांची अपेक्षा पुराव्याच्या फार पुढे धावते. फ्लोरिडात एका उन्हाळी शिबिरात 173 मुलांना नवे धडे शिकवले गेले, काही आठवडे गोळीवर आणि काही आठवडे पोकळ गोळीवर. गोळीच्या काळात मुलं मिनिटाला जास्त गणितं सोडवत आणि वर्गाचे नियम फार कमी मोडत. पण धडा किती शिकला गेला यात फरक पडला नाही. ब्रॅडलींच्या गणिताच्या गोळ्यांनी गणित येत नव्हतं, बसणं येत होतं. निरोगी माणसांवरची गोष्ट तर आणखी गमतीची आहे. मेलबर्नमध्ये 40 निरोगी प्रौढांना थैलीत जास्तीत जास्त किमतीच्या वस्तू भरण्याचं कोडं दिलं. औषधावर ते जास्त वेळ झटले आणि उत्तरं जास्त वाईट काढली. परीक्षेच्या आदल्या रात्री मित्राकडून गोळी मागणाऱ्याने हे जरूर ऐकावं.

मेंदू औषधाला सरावतो का, हे थेट पाहणारा एक छोटा अभ्यास आहे. 18 प्रौढांना वर्षभर मिथाइलफेनिडेट दिल्यावर त्यांच्या मेंदूत डोपामीन परत ओढणाऱ्या पंपांची घनता काही भागांत 24 टक्क्यांनी वाढलेली दिसली. म्हणजे औषध वाट अडवतं, तर मेंदू जादा वाटा उघडतो. काहींना काही वर्षांनी पूर्वीची मात्रा अपुरी का वाटते आणि गोळी चुकलेला दिवस पूर्वीपेक्षा वाईट का जातो, याचं हे एक शक्य स्पष्टीकरण आहे. अठरा माणसांवर याहून मोठी इमारत बांधू नये.

आपल्याकडचं चित्र वेगळं आहे. भारतात मिथाइलफेनिडेट औषध नियमांच्या परिशिष्ट एक्समध्ये येतं. चिठ्ठी दोन प्रतींत लागते, एक प्रत दुकानदाराने दोन वर्षं जपून ठेवायची, आणि दुकानाला त्यासाठी वेगळा परवाना हवा. त्यामुळे कितीतरी औषधविक्रेते हे औषध ठेवतच नाहीत, आणि पालकांना शहरातली एक-दोन दुकानं पाठ असतात. अमेरिकेत सर्रास दिलं जाणारं ॲडरॉल इथे विकत मिळत नाही. न्यू जर्सीहून दोन महिन्यांच्या सुट्टीला आलेल्या नातवाच्या गोळ्या संपल्या तर आजोबांच्या ओळखीचा केमिस्ट काही करू शकत नाही. हा कडकपणा गैरवापराला आळा घालतो, पण त्यातून एक नकोशी गोष्टही होते. औषध मिळवण्यातच एवढी दमछाक होते की चिठ्ठीचं नूतनीकरण म्हणजेच तपासणी असं होऊन बसतं. वजनकाटा, उंचीची पट्टी आणि बीपीचं यंत्र त्या भेटीत बाजूलाच राहतं. ब्रिटनची मार्गदर्शक तत्त्वं तर सांगतात की मुलांची उंची, नाडी आणि रक्तदाब दर सहा महिन्यांनी मोजा आणि वर्षातून एकदा, औषध अजून लागतं का, हा प्रश्न नव्याने विचारा.

तो प्रश्न कसा विचारायचा हे नेदरलँड्समधल्या संशोधकांनी 2019 मध्ये दाखवलं. दोन वर्षांहून जास्त काळ मिथाइलफेनिडेट घेणारी 94 मुलं त्यांनी घेतली आणि निम्म्यांची गोळी, कुणालाही कळू न देता, हळूहळू पोकळ गोळीवर आणली. सात आठवड्यांत पोकळ गोळीवरच्या 40 टक्के मुलांची स्थिती बिघडली. खऱ्या गोळीवर राहिलेल्यांपैकीही 16 टक्क्यांची बिघडली. म्हणजे वर्षानुवर्षांनंतरही औषध काहींना खरोखर उपयोगी होतं, आणि तरीही दहातल्या सहा मुलांचं त्या सात आठवड्यांत त्याच्याशिवाय काही अडलं नाही. कोण चाळिसात आणि कोण साठात, हे आधी सांगता येत नाही. थांबवून पाहिल्यावरच कळतं.

घरी अशी आंधळी चाचणी करता येत नाही, पण डॉक्टरांशी बोलून तिच्या जवळपास जाता येतं. घटक चाचणी किंवा नव्या शाळेचा पहिला महिना टाळून मधलेच साधे दोन-तीन आठवडे निवडायचे. उन्हाळ्याची सुट्टी सोयीची वाटते, पण तेव्हा वर्गच नसतो, मग बसणं जमतं का हे कळणार कसं? गृहपाठाला लागणारा वेळ, हरवलेल्या वस्तू, भांडणं, झोप आणि डब्यात उरलेली पोळी यांची रोज दोन ओळींची नोंद ठेवायची, बंद करण्याआधीच्या दोन आठवड्यांची धरून. मोठ्या मुलाला काय वाटतं तेही विचारायचं, कारण औषधावर आपण बोथट, गप्प होतो असं सांगणारी मुलं असतात आणि ते बहुधा कुणी लिहून घेत नाही. वर्गशिक्षिकेला मात्र गोळी नेमकी कोणत्या आठवड्यात बंद आहे ते आधी सांगायचं नाही. त्यांचं मत ते आठवडे उलटून गेल्यावर घ्यायचं.